स्फटिकाची साक्ष : विरल अणू, श्राव्यातीत ध्वनी आणि चतुर्ध्रुवी कोंडो परिणाम

माठ विकत घेताना जाणता गिऱ्हाईक तो आधी बोटाच्या पेराने वाजवून पाहतो. खणखणीत नाद आला तर माठ पक्का. बद्द आवाज आला तर कोठेतरी तडा आहे असे तो समजतो. तडा डोळ्यांस दिसत नाही, पण नाद त्याची वार्ता देतो. घन पदार्थाच्या अंतरंगाची चौकशी ध्वनीच्या द्वारे करण्याची ही रीत फार जुनी आहे. आजच्या पदार्थवैज्ञानिकाने तीच रीत केवळ शून्याच्या निकटच्या तापमानापर्यंत नेली असून, तिच्या योगे तो तड्याचा नव्हे, तर एकेका अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉन-मेघाच्या आकाराचा शोध घेत आहे. या शोधातील एका प्रकरणाविषयी येथे लिहावयाचे आहे. ते प्रकरण निवडण्याचे कारण असे की, पुरावा कशास म्हणावे हा प्रश्न त्यात फार स्पष्टपणे उभा राहतो. आणि आमच्या मते त्याचे जे उत्तर सामान्यतः दिले जाते ते अर्धेच खरे आहे.

प्रारंभ जुन्या एका कोड्याने करावा लागेल. धातू थंड करीत गेले म्हणजे त्याचा विद्युत् रोध कमी होत जातो, कारण अणूंची थरथर मंदावते व इलेक्ट्रॉनांस वाट मोकळी मिळते. परंतु १९३४ साली हॉलंडमधील लायडन येथे डी हास, डी बोअर व व्हॅन डेन बेर्ख यांना सोन्याच्या नमुन्यात असे आढळले की, काही अंश केल्व्हिनच्या आसपास रोध किमान होतो आणि त्याखाली गेल्यावर तो पुन्हा चढू लागतो. या उफराट्या वर्तनाचे कारण तीस वर्षे कोणास नीट सांगता आले नाही. १९६४ साली जून कोंडो या जपानी वैज्ञानिकाने ते सांगितले. धातूत लोखंडासारख्या चुंबकीय मूलद्रव्याचे अणू अत्यल्प प्रमाणात मिसळलेले असले, तर वाहक इलेक्ट्रॉन त्या अणूवर आदळताना त्याच्या चुंबकीय आघूर्णाची दिशा उलटवू शकतात. तापमान उतरते तसतसा हा व्यवहार प्रबळ होत जातो, आणि त्यामुळे रोधात तापमानाच्या लॉगरिथमप्रमाणे वाढणारे एक पद येते. तापमान दहापट उतरले की ठराविक इतकी भर, पुन्हा दहापट उतरले की पुन्हा तितकीच भर, असे हे वाढणे असते.

कोंडोच्या गणिताने कोडे उकलले खरे, पण नवे कोडे निर्माण केले. कारण ते पद शून्य तापमानाकडे जाताना अमर्याद वाढत जाते आणि निसर्गात तसे घडत नाही. शेवटी काय होते हे १९७५ साली केनेथ विल्सन यांनी आपल्या नव्या गणनपद्धतीने दाखविले. पुरेशा कमी तापमानास वाहक इलेक्ट्रॉन त्या चुंबकीय अणूस जणू वेढा घालतात आणि त्याचे चुंबकत्व पूर्णपणे झाकून टाकतात. अणूची 'वर की खाली' ही द्विधा संपते. एंट्रॉपी, म्हणजे त्या द्विधेचे माप, शून्यावर येते. येथवरची कथा आता पाठ्यग्रंथांत सुस्थिर झाली आहे.

परंतु झाकणारे एकाऐवजी दोन असले तर? हा प्रश्न १९८० साली नोझिएर व ब्लाँडँ या फ्रेंच वैज्ञानिकांनी विचारला. एकाच आसनावर सारखाच हक्क सांगणारे दोन दावेदार आले आणि दोघांचेही बळ अगदी समसमान असले, तर निकाल कधीच लागत नाही. अणूचे चुंबकत्व झाकले जाते, पण गरजेपेक्षा अधिक झाकले जाते. मग उरलेल्या अधिक भागास पुन्हा कोणी झाकावयास येते, आणि हा व्यवहार अखंड चालूच राहतो. या समस्येची अचूक गणिती उकल १९८४ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे केली. तिचा निष्कर्ष विलक्षण आहे. केवळ शून्य तापमानासही अशा अणूजवळ एंट्रॉपी शिल्लक राहते, आणि तीही दोन अवस्थांच्या मुक्त अणूच्या बरोबर निम्मी. अर्धी द्विधा म्हणजे काय, हे कोणत्याही एकाकी अणूच्या चित्राने समजावून सांगता येत नाही. कारण अवस्थांची संख्या दोनाचे वर्गमूळ इतकी असू शकत नाही. ती वस्तुतः अणू व भोवतालचे असंख्य इलेक्ट्रॉन यांची सामायिक मालमत्ता असते.

असे समसमान दोन दावेदार खऱ्या पदार्थात मिळावे कोठून? चुंबकीय अणूच्या बाबतीत ते जुळविणे जवळजवळ अशक्य; थोडासाही भेद असला की बलवान पक्ष जिंकतो आणि नेहमीचा कोंडो परिणाम उरतो. १९८७ साली डॅनियल कॉक्स या अमेरिकन वैज्ञानिकाने एक सुंदर युक्ती सुचविली. ज्याचे चुंबकत्व मुळातच नाहीसे झाले आहे, पण ज्याच्या इलेक्ट्रॉन-मेघाचा आकार मात्र द्विधा आहे, असा अणू घ्यावा. लाडू तळहातांत दाबला तर पेढ्यासारखा चपटा होतो, वळला तर लांबट होतो. तसे या मेघाचे दोन आकार असतात व त्यांची ऊर्जा समान असते. विद्युत् भाराच्या अशा वाटणीस चतुर्ध्रुव म्हणतात. आता वाहक इलेक्ट्रॉन या आकाराशी झोंबतात ते आपल्या कक्षेच्या आकाराने. त्यांचे स्वतःचे परिवलन या झोंबीत भागच घेत नाही. ते केवळ साक्षीदार असते. परिवलन वर असलेले इलेक्ट्रॉन हा एक पक्ष आणि खाली असलेले हा दुसरा, आणि चुंबकीय क्षेत्र नसेल तर निसर्गनियमानेच दोन्ही पक्ष तंतोतंत सारखे. मनुष्याने जुळवावयाची समता येथे आयती मिळते. यासच चतुर्ध्रुवी कोंडो परिणाम म्हणतात.

कॉक्स यांच्या मनात युरेनियम व बेरिलियम यांचे एक संयुग होते. १९९१ साली यिट्रियम, पॅलॅडियम व युरेनियम यांच्या मिश्रणातही तशीच लक्षणे दिसल्याचे प्रसिद्ध झाले. परंतु युरेनियम हा अडचणीचा साक्षीदार ठरला. त्याच्या आतल्या कवचात इलेक्ट्रॉन नेमके दोन आहेत की तीन, हेच निर्विवाद सांगता येईना. आणि मिश्रणात युरेनियम सर्वत्र सारखे पसरले आहे की नाही, यावरही वाद झाला. म्हणून संशोधकांची दृष्टी विरल मृत्तिका मूलद्रव्यांपैकी प्रॅसिओडिमियमकडे वळली. (या नावाचा अर्थ 'हिरवा जुळा' असा आहे. १८८५ साली आउअर फॉन वेल्सबाख यांनी ज्यास एक मूलद्रव्य समजले जाई त्याचे दोन भाग केले, त्यांपैकी एकाचे क्षार हिरवे निघाले. पेट्रोमॅक्सच्या बत्तीतील जाळी ही याच गृहस्थांची देणगी. त्या जाळीत थोरियमचे ऑक्साइड सुमारे नव्याण्णव भाग व सीरियमचे अवघे एक भाग असते. शुद्ध थोरियमची जाळी फारशी उजळत नाही, तो एक भाग प्रकाश देतो. विरल प्रमाणाचे महत्त्व आपल्या खेड्यापाड्यांतील लग्नमंडपांनीही पाहिले आहे.)

प्रॅसिओडिमियमच्या आयनात आतल्या कवचात दोन इलेक्ट्रॉन असतात. ही समसंख्या महत्त्वाची. विषम संख्या असती तर क्रेमर्स यांच्या १९३० सालच्या सिद्धांतानुसार समऊर्जा जोडी चुंबकीय क्षेत्रावाचून मोडताच आली नसती. समसंख्येस हे संरक्षण नाही. तिच्या नऊ अवस्था घनाकृती सममितीच्या पिंजऱ्यात बसविल्या की त्यांचे एक, दोन, तीन व तीन असे गट पडतात. दोनांचा गट सर्वांत खाली आला तर तो आपणांस हवा असलेला : चुंबकीय आघूर्ण नाही, पण आकार द्विधा. प्रॅसिओडिमियम, इरिडियम व जस्त यांच्या एका संयुगात हे साधते. त्यात एका प्रॅसिओडिमियममागे इरिडियमचे दोन व जस्ताचे वीस अणू असतात आणि प्रत्येक प्रॅसिओडिमियम जस्ताच्या सोळा अणूंच्या पिंजऱ्यात बसलेला असतो. त्याच्या पुढच्या अवस्था सुमारे ३० केल्व्हिन इतक्या वर आहेत, म्हणजे कमी तापमानास त्यांची लुडबुड नाही. अडचण एवढीच की, या पूर्ण संयुगातील प्रॅसिओडिमियम अणू वाहक इलेक्ट्रॉनांच्या मध्यस्थीने एकमेकांशी बोलू लागतात आणि ०.११ केल्व्हिनला सर्वांचे आकार एका शिस्तीत रचले जातात. गर्दीत एकट्याचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून गर्दी पांगवावयाची, म्हणजे प्रॅसिओडिमियमच्या जागी बहुतेक ठिकाणी यिट्रियम घालावयाचे; त्याच्याजवळ या कवचातील इलेक्ट्रॉनच नाहीत. शिसे व लँथॅनम यांच्या संयुगात प्रॅसिओडिमियम पाच टक्के वा त्याहून कमी मिसळून असाच यत्न २००६ साली जपानमध्ये झाला होता. यिट्रियमच्या विरल नमुन्यांवरील मापने हिरोशिमा विद्यापीठातील यामाने, ओनिमारू व त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली प्रसिद्ध केली. विशिष्ट उष्णता व तापमान यांचे गुणोत्तर थंडीबरोबर लॉगरिथमच्या रीतीने चढत होते. विद्युत् रोधही सामान्य धातूचा नियम पाळीत नव्हता.

येथे आमचा मूळ मुद्दा येतो. उष्णता व रोध ही दोन्ही मापने प्रामाणिक आहेत, परंतु ती ऐकीव साक्ष देतात. उष्णतामापक अणूच्या आकाराविषयी काहीच विचारीत नाही. तो एकूण गोंधळ मोजतो, आणि त्या गोंधळात अणुकेंद्रांचाही वाटा असतो. प्रॅसिओडिमियमचे अणुकेंद्र तर अत्यंत कमी तापमानास स्वतःची बरीच उष्णता मध्ये आणते व ती वजा करावी लागते. वजाबाकीवर उभ्या असलेल्या निष्कर्षावर किती भार टाकावा, हे प्रत्येक हिशेबनिसास ठाऊक आहे. ज्या राशीविषयी सिद्धांत बोलतो, त्याच राशीस थेट प्रश्न विचारणारे मापन हवे. चतुर्ध्रुवाच्या बाबतीत असे मापन ध्वनीचे आहे.

त्याचे कारण सोपे आहे. चुंबकीय आघूर्णाची हाताळणी चुंबकीय क्षेत्राने होते. आकाराची हाताळणी आकार बदलणाऱ्या बलानेच होणार. स्फटिकातून विशिष्ट दिशेने व विशिष्ट कंपनाची अवतरंग लहर सोडली, तर ती एका अक्षावर स्फटिक किंचित ताणते व त्याच्याशी काटकोनातील अक्षावर तितकाच दाबते. घनफळ तेच राहते. नेमका हाच बदल प्रॅसिओडिमियमच्या द्विधा मेघास जाणवतो. मेघ सहज वाकत असला, तर त्या प्रकारच्या ताणास स्फटिक मऊ पडतो आणि ध्वनी मंदावतो. स्थितिस्थापकतेचा गुणांक म्हणजे घनता गुणिले वेगाचा वर्ग. म्हणून वेग मोजला की मेघाचा मऊपणा मोजला. घनाकृती स्फटिकात असे स्वतंत्र गुणांक तीनच असतात, आणि सर्वांची तुलना केली की मऊपणा आकाराच्या कोणत्या सममितीशी निगडित आहे हेही कळते. उष्णतामापकास ही दृष्टी नाही.

प्रत्यक्ष मापनाचे स्वरूपही जाणण्यासारखे आहे. काही मिलिमीटरांच्या स्फटिकाचे समोरासमोरचे पृष्ठ समांतर घासून त्यांवर दाबविद्युत् गुण असलेल्या लिथियम नायोबेटच्या पातळ चकत्या चिकटवितात. एक चकती सेकंदास कोट्यवधी कंपनांचा छोटासा स्पंद पाठविते, दुसरी तो ऐकते. सेकंदास तीन किलोमीटर वेग धरला, तर तीन मिलिमीटर पार करावयास एक मायक्रोसेकंद लागतो. या वेळेतील दशलक्षांशाचा फरकही आलेल्या व पाठविलेल्या लहरींच्या कलांची तुलना करून ओळखता येतो. शंभरात तीन-चार अणूच ज्यात कामाचे आहेत अशा नमुन्यात ही सूक्ष्मता चैन नसून गरज आहे.

आता सिद्धांत काय अपेक्षितो ते पाहू. अणू पूर्ण मुक्त असेल तर तापमान निम्मे झाले की मऊपणा दुप्पट होईल, म्हणजे तो तापमानाच्या व्यस्त प्रमाणात वाढत जाईल. नेहमीच्या रीतीने तो पूर्ण झाकला गेला तर मऊपणा एका मर्यादेवर थांबेल. दोन समबळ दावेदारांचा झगडा चालू असेल तर तो थांबणार नाही, पण सुसाटही वाढणार नाही; लॉगरिथमच्या संथ चालीने वाढत राहील. तीन शक्यता, तीन भिन्न चाली. होक्काइडो विद्यापीठातील तात्सुया यानागिसावा व सहकारी यांनी जर्मनीतील ड्रेस्डेन येथील उच्च चुंबकीय क्षेत्र प्रयोगशाळेच्या व हिरोशिमाच्या मंडळींच्या साहाय्याने प्रॅसिओडिमियमचे प्रमाण ३.४ टक्के असलेल्या नमुन्यावर हे मापन करून २०१९ साली प्रसिद्ध केले. सुमारे १ केल्व्हिनपर्यंत मऊपणा मुक्त अणूप्रमाणे वाढत गेला; यावरून द्विधा जोडी खरोखरच सर्वांत खाली आहे हे निश्चित झाले. सुमारे ०.३ केल्व्हिनखाली मात्र, क्षीण चुंबकीय क्षेत्रात, चाल लॉगरिथमची झाली.

आमच्या दृष्टीने या प्रयोगाचे मोल त्याच्या पहिल्या भागात अधिक आहे, जरी मथळा दुसऱ्या भागास मिळाला. ज्या साक्षीदारास आपण प्रश्न विचारीत आहोत तो खरोखर तोच आहे, हे आधी पटवून देणे. मग त्याच्या उत्तराचा अर्थ लावणे. युरेनियमच्या प्रकरणात हीच पायरी डळमळीत राहिली होती आणि वर्षानुवर्षांचे वादविवाद तिच्यामुळे लांबले.

परंतु 'पुरावा' हा शब्द उच्चारताना हात थोडा आखडता घ्यावा असेही आमचे मत आहे. ०.३ केल्व्हिनपासून शीतयंत्राच्या तळापर्यंतचा टप्पा दहापटीच्या आसपासचा असतो. एवढ्या लहान टप्प्यात लॉगरिथमची रेषा आणि दुसरी एखादी संथ वक्ररेषा यांत भेद करणे सोपे नाही. शिवाय विरलीकरणाची स्वतःची किंमत आहे. यिट्रियमचा आयन प्रॅसिओडिमियमपेक्षा लहान. त्यामुळे पिंजरे ठिकठिकाणी निरनिराळे वेडेवाकडे होतात. समसंख्येच्या जोडीस क्रेमर्सचे संरक्षण नसल्यामुळे प्रत्येक ठिकाणी ती थोडी थोडी फुटू शकते. असे लहानमोठे भेद सर्व आकारांचे व सारख्याच संख्येने असतील, तर त्यांच्या बेरजेतूनही लॉगरिथमसारखी चाल निघू शकते, आणि त्यास दोन दावेदारांची मुळीच आवश्यकता नाही! अशा गणितात विशिष्ट उष्णता मात्र केवळ तापमानाच्या सम प्रमाणात येईल व गुणोत्तर स्थिर राहील. ते तर चढताना दिसले आहे. म्हणून एकट्या ध्वनीची किंवा एकट्या उष्णतेची साक्ष जेथे अपुरी पडते, तेथे दोघांची एकत्र साक्ष बरीच भरवशाची ठरते. ती सिद्धीच्या जवळ जाते, सिद्धी होत नाही. निम्म्या एंट्रॉपीचे निर्विवाद दर्शन घडणे तर अणुकेंद्रांची उष्णता व फुटलेल्या जोड्या यांमुळे याहून कठीण आहे.

या संशोधनाचा उपयोग काय, असा प्रश्न शाळांतून नेहमी येतो. अलीकडे त्यास क्वांटम संगणकाचे नाव पुढे करून उत्तर देण्याची प्रथा पडली आहे. निम्म्या एंट्रॉपीचा संबंध मायोराना नावाच्या कल्पित कणांशी जोडता येतो व ते संगणकास उपकारक ठरतील असे म्हणतात. संबंध गणितात खरा आहे. पण ०.३ केल्व्हिनखाली, दुर्मिळ हेलियम-३ च्या आधारावर चालणाऱ्या शीतयंत्रात, शंभरात तीन अणूंच्या जोरावर कोणी संगणक बांधणार आहे असे विद्यार्थ्यांस भासविणे आम्हांस उचित वाटत नाही. धातूतील असंख्य इलेक्ट्रॉन एका अणूशी मिळून अशी अवस्था निर्माण करू शकतात का, की जिचे वर्णन कोणत्याही एका कणाच्या भाषेत होऊच शकत नाही, हा प्रश्न स्वतःच्या पायांवर उभा राहण्याइतका मोठा आहे. त्यास बाजाराचे कुबडे नको.

आपल्या देशास या विषयाशी परकेपणा वाटण्याचे कारण नाही. श्राव्यातीत लहरींमुळे प्रकाशाचे जे विवर्तन होते त्याची उपपत्ती रामन व नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ साली दिली. स्फटिकांची सममिती व त्यांचे भौतिक गुणधर्म यांवर सूरी भगवंतम् यांनी आयुष्यभर काम केले. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटच्या वाळूत प्रॅसिओडिमियमही असते. असे असूनही आपल्या महाविद्यालयांतून श्राव्यातीत ध्वनीचा व्यतिकरणमापक बहुधा एकाच कामी येतो : एखाद्या द्रवातील ध्वनीचा वेग काढावयाचा, तो छापील कोष्टकाशी जुळवून पाहावयाचा, आणि वही पुरी करावयाची. तेच उपकरण वापरून द्रवाचे तापमान बदलावे, मीठ विरघळवीत जावे, वेगाचा बदल का होतो याचे दोन प्रतिस्पर्धी खुलासे लिहावेत व त्यांतील कोणता टिकतो हे तिसऱ्या मापनाने ठरवावे, एवढे तरी करता येईल. त्यास नवा खर्च लागत नाही. शिक्षकास वेळ मात्र द्यावा लागतो, आणि परीक्षेच्या नियमांनी तो दिला पाहिजे.

मूळ प्रकरणात पुढचे पाऊल कोणते असावे, याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. चाल खरोखर एकेका अणूची असेल, तर प्रॅसिओडिमियमचे प्रमाण आणखी कमी केल्यावर एकूण परिणाम त्याच प्रमाणात घटेल, पण दर अणूमागचा मऊपणा व त्याच्या लॉगरिथमचा उतार तोच राहील. ती पिंजऱ्यांच्या वेडेवाकडेपणाची किमया असेल, तर तसे होण्याचे कारण नाही. मिश्रण बदलले की वेडेवाकडेपणाही बदलेल. यासाठी निरनिराळ्या प्रमाणांचे, सारख्याच शुद्धतेचे, ध्वनी वाहून नेण्याइतके मोठे एकस्फटिक हवेत. ते भट्टीपाशी दिवसचे दिवस बसून वाढविणाऱ्या कारागिराचे नाव निबंधाच्या लेखकनामावलीत बहुधा मध्येच कोठेतरी येते.